चमचे थांबतात तेव्हा

सोमवार, ६ जानेवारी

इतकी वर्षं गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर बसून लहान मुलांना शिकवलं. आज मोठ्या माणसांच्या बाकावर विद्यार्थिनी म्हणून बसले, तर पाय कुठे ठेवावेत तेच कळेना. अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त आहे: मानवी विकास आणि कुटुंब. पास झाले तर कुटुंब सल्ला केंद्रात काम मिळू शकतं. पण खरं कारण ते नाही, आणि डायरीत तरी खोटं कशाला लिहू? खरं कारण घरात आहे, नऊ वर्षांचं आहे, आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतं.

शिकवणाऱ्या बाईंना मी पहिल्याच तासाला मनातल्या मनात नाव ठेवलं, गाळणीबाई. त्यांचं एकच पालुपद: "वाचलंत ना? आता गाळून घ्या." म्हणजे अभ्यास कोणी केला, कोणत्या घरांचा केला, आणि आपल्या समोरचं माणूस त्या घरांतलं आहे का, हे बघितल्याशिवाय काही गिळायचं नाही. मला लगेच पटलं. पटणं आणि जमणं यांत किती अंतर आहे ते पुढे कळेलच.

घरी आल्यावर आमचे चष्मेवाले म्हणाले, "मग, कळलं का आमचं काय चुकतंय ते?"

मी म्हटलं, "पहिलाच दिवस आहे हो. पुढच्या आठवड्यात यादी देते."

गुरुवार, ९ जानेवारी

आज मामांचा फोन आला.

उद्या हे मीच वाचलं तर संदर्भ लागावा म्हणून नीट लिहिते. चष्मेवाले म्हणजे माझे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, घराच्याच रस्त्यावर. त्यांची पहिली बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मी या घरात आले ती गेल्या वर्षी. टिटवी त्यांची मुलगी. तान्ही असताना दिवसभर टाहो फोडायची म्हणून हे नाव पडलं. आता तिच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो. मामा म्हणजे टिटवीच्या आईचे भाऊ.

मामा वाईट माणूस नाहीत, हीच पंचाईत. म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल काहीही म्हणणं नाही माझं. पण पोर किती गप्प झालीय ते बघताय ना? आमच्याकडे घर भरलेलं आहे. माझी दोन मुलं आहेत तिच्याएवढी. परीक्षा झाली की राहू दे ना तिला इकडेच. कायमची."

चष्मेवाल्यांनी फोन घेतला आणि "परीक्षेपर्यंत बघू, तिलाच विचारू," म्हणाले. टिटवीला विचारलं. ती म्हणाली, "बघू." बापाचंच बोलणं, बापाच्याच सुरात.

ती गेली तर या घरात मी कोण उरते, असं मनात आलं. मग वाटलं, हे आधी का आलं? तिचं काय होईल हे आधी यायला हवं होतं. पण आलं ते आलं.

बुधवार, १५ जानेवारी

प्रकल्प मिळाला. एका कुटुंबाचं रोजचं जेवण ध्वनिमुद्रित करायचं, शब्द न् शब्द उतरवून काढायचा. कोण कोणाशी बोललं, त्याला उत्तर कोणी दिलं, कुठे शांतता पडली, याच्या खुणा करायच्या. मग तेच मुद्रण सकाळच्या तुकडीतल्या एका अनोळखी विद्यार्थ्याकडे जातं. त्याला घराची काही माहिती द्यायची नाही. तो आपल्या खुणा स्वतंत्रपणे करतो, आणि दोघांचा मेळ बसला तरच काम खरं.

मी म्हटलं, "बाई, स्वतःचं घर घेतलं तर?"

"सर्जन स्वतःच्या पोटावर शस्त्रक्रिया करत नाही."

"पण घरच्यांची परवानगी पटकन मिळेल."

गाळणीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "घ्या. पण मग तुम्हीही त्यातलं एक पात्र. स्वतःला सूट द्यायची नाही."

सूट कोण मागतंय? मला मामांना दाखवायचंय की या घरात सगळं ठीक आहे. माझ्या शब्दावर नाही, अभ्यासाच्या आधारावर. आणि आहेच ठीक. मी आले तेव्हाही या घरात पहिलीची सावलीसुद्धा नव्हती. भिंतीवर फोटो नाही, कपाटात साडी नाही, कंगवा नाही, आवडता कप नाही. चष्मेवाल्यांनी सगळं स्वच्छ आवरून ठेवलं होतं. जेवायच्या टेबलाला तीनच खुर्च्या. मैत्रिणी मला घाबरवत होत्या, "दुसरेपणाला जातेस, पहिलीच्या आठवणी अंगावर येतील." इथे अंगावर यायला काही उरलेलंच नव्हतं.

रविवार, १९ जानेवारी

दुपारी जेवण मुद्रित केलं. फोन टेबलाच्या मधोमध पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला. टिटवीने विचारलं, "काही खास बोलायचं का?" मी म्हटलं, "नाही गं, रोजच्यासारखं." चष्मेवाले उगाच शुद्ध भाषेत बोलायला लागले, "आज सूप फार उत्तम झाले आहे." टिटवी खुदकन हसली. मग सगळे विसरले आणि रोजच्यासारखं जेवण झालं.

सोमवार, २० जानेवारी

उतरवून काढायला बसले. आपला आवाज ऐकणं म्हणजे शिक्षाच. मी वाक्याच्या शेवटी किती ओढते!

पण दुसरंच काहीतरी सापडलं. हा उतारा:

वडील: आज एक आजोबा आले दुकानात. म्हणतात, चष्मा घातला की बायको जास्तच मोठी दिसते.
(शांतता)
वडील: मग मी तेच म्हटलं त्यांना!

काय म्हटलं? मधे काहीच नाही. मी पुन्हा ऐकलं, वाटलं मुद्रण तुटलं असेल. तुटलेलं नाही. फ्रिजची घरघर सलग ऐकू येते.

पुढे:

मुलगी: गणिताच्या बाईंनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली.
(शांतता)
मुलगी: नाही, चुकलं होतं म्हणून.

"नाही" कोणाला? मी तर काही विचारलं नव्हतं, बापानेही नाही. पण कोणीतरी कौतुकाने "छान लिहिलं होतंस म्हणून का गं?" असं विचारावं आणि त्याला उत्तर द्यावं, तसा तिचा सूर आहे. इतका मोकळा सूर माझ्याशी बोलताना कधी लागत नाही.

अशा जागा आणखी आहेत. दोन श्वास टिकेल इतकी शांतता, आणि मग उत्तर. भर दुपारी, बाहेर शाळेच्या बसचे हॉर्न वाजत असताना माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. उठून जेवायच्या खोलीत जाऊन आले. तीन खुर्च्या, टेबल, पुसलेलं. काही नव्हतं. काय असणार होतं?

सोमवार, २७ जानेवारी

आठवडाभर वाचनालयात डोकं घालून बसले आणि आता बरं वाटतंय. भीतीला नाव मिळालं की ती निम्मी होते. घरातलं माणूस गेल्यावर बोलण्याच्या सवयी मागे राहतात, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. माणूस जातं, त्याची बोलायची जागा राहते. भूत वगैरे काही नाही.

जेवताना मुलांना प्रश्न विचारले, त्यांच्या बोलण्याला लगेच प्रतिसाद दिला, तर मुलं खुलतात, असंही वाचलं. दोन्ही एकत्र ठेवलं आणि डोक्यात प्रकाश पडला. ती जागा रिकामी आहे म्हणून टिटवी गप्प आहे. ती भरायची. शांतता पडली रे पडली की मी बोलायचं.

गाळणीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्या घरांचा हा अभ्यास आहे त्या घरांत अशी शांतता होती का?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग गाळून घ्या."

बाईंना कशातच उत्साह नाही. मी उद्यापासून सुरू करतेय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रगती आहे. पुन्हा मुद्रण केलं. शांतता जवळजवळ नाहीशी झाली. चष्मेवाल्यांनी दुकानातला किस्सा सांगितला की मी लगेच, "अय्या, मग?" टिटवीने शाळेतलं सांगितलं की लगेच, "वा! आणि मग तुला कसं वाटलं?" कुठे फट म्हणून ठेवत नाही.

टिटवी जरा कमी बोलते, पण नव्या सवयीला वेळ लागायचाच. जेवणही भराभर उरकते, म्हणजे भूक सुधारलीय. चष्मेवाले मात्र आज कावले. "अगं, घास तर गिळू दे. मुलाखत घेतेस का?"

मी म्हटलं, "संशोधन सांगतं की..."

"संशोधनाला म्हणावं, जरा मीठ दे इकडे."

शनिवार, ८ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय.

दुपारी चष्मेवाले दुकानात होते. मी कपड्यांच्या घड्या करत होते. टिटवी जेवायच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून बोलण्याचा आवाज आला. फोनवर असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही, मग आठवलं, फोन माझ्याजवळ आहे. दाराशी जाऊन उभी राहिले. असं करू नये हे मीच पालकांना सांगत आलेय.

ती म्हणत होती, "सहलीचे पैसे भरले बाबांनी." मग गप्प. मग, "हो, टोपी नेईन." मग गप्प, बराच वेळ. मग अगदी हळू, "मला जेवताना बोलताच येत नाही ना. ती सारखी बोलते."

ती म्हणजे मी.

मी परत येऊन घड्या करत बसले. एकच शर्ट किती वेळा घडी करून मोडला कोण जाणे. वाईट वाटलं, रागही आला, आणि खरं सांगायचं तर दारामागच्या त्या गप्प राहण्याचा हेवा वाटला. तिथे कोणीच नव्हतं आणि तरी पोर तिथे भडाभडा बोलत होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज फुटलं. टिटवी सांगत होती की शाळेच्या पायऱ्यांवर ती पडली. नेहमीसारखी थांबली. मी ताबडतोब, "अरेरे! लागलं का? दाखव बघू!"

तिने चमचा टेबलावर आपटला. "तू सारखी मधे मधे बोलतेस!"

"कोणाच्या मधे?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग बापाकडे. बापाने मान खाली घातली. तिला वाटलं असावं, बाप तरी सांगेल. त्याने पाण्याचा पेला ओढून घेतला.

"मी मामाकडे जाते," टिटवी म्हणाली. "परीक्षेनंतर नाही. आत्ताच."

चष्मेवाले म्हणाले, "थोडे दिवस जाऊन येऊ दे." शाळेला काहीतरी कळवलं. संध्याकाळी मामा आले, तिची पिशवी उचलली, मला म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका." लावून घेऊ नका म्हणे. पुस्तकं वाचून मी तिला घराबाहेर घालवलं, ते कुठे लावायचं मग?

सोमवार, १७ फेब्रुवारी

मेळ बघायची बैठक होती. माझं मुद्रण, पहिलंच, एकोणीस जानेवारीचं, सकाळच्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीकडे गेलं होतं. जुळ्या मुलांची आई आहे. दोन्ही मुलं झोपली की कानाला इयरफोन लावून काम करते म्हणे. गोड, गडबडी बाई. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "अय्या, म्हणजे त्या वाक्य ओढणाऱ्या बाई तुम्हीच!"

शब्दांचा मेळ छान बसला. मग माणसं. मी लिहिलं होतं तीन. तिने लिहिलं होतं चार.

मी हसले. "तीनच आहोत हो आम्ही."

"नाही कसं? वडील, मुलगी, तुम्ही, आणि त्या बाई." तिने आपल्या खुणा दाखवल्या. माझ्या प्रत्येक शांततेच्या जागी तिने लिहिलं होतं: चौथी व्यक्ती, अस्पष्ट. "फारच हळू बोलतात त्या. आजारी आहेत का? फोन त्यांच्या बाजूला ठेवायचा ना, निदान शब्द तरी कळले असते."

मी तिचा कागद जवळ ओढला. "तुम्हाला आवाज ऐकू आला?"

ती जरा गोंधळली. पुन्हा इयरफोन कानाला लावला, ऐकलं, माझ्याही कानाला लावला. "आवाज... असा नाही म्हणता येणार. पण ऐका ना. तिथे आलं की चमचे थांबतात. सगळ्यांचे. कोणी हळू बोलत असेल की आपण नाही का हातातलं थांबवत? म्हणून वाटलं."

मी ऐकलं. खरंच. भांड्याला लागणारे चमचे, किणकिण, किणकिण, आणि एकदम सगळं बंद. मी इतक्या वेळा ऐकलं, बोलण्याच्या मागे लागले आणि चमच्यांकडे कान गेलाच नाही.

"वडिलांचा थांबतो, मुलीचा थांबतो," मी म्हटलं.

"आणि तुमचाही," जुळ्यांची आई म्हणाली. "तुमचा तर सगळ्यात आधी."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चष्मेवाल्यांना सरळ विचारलं. दुकानात जाऊन, कारण त्या टेबलाशी विचारायचा धीर झाला नाही. ते एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते.

"जेवताना तुम्ही दोघं कोणाचं ऐकता?"

"कोणाचं म्हणजे? तुझं. दुसऱ्या कोणाचं ऐकायची सोय आहे का?"

"चमचे का थांबवता?"

त्यांचा हात थांबला. स्क्रू खाली पडला, तो शोधण्याच्या निमित्ताने ते काउंटरमागे वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा डोळे लाल होते.

"टिटवीच्या आईचा आवाज गेला होता," म्हणाले. "शेवटचं वर्षभर. घशाचंच दुखणं होतं. अगदी कुजबुजायची, तीही एका वेळी दोन-चार शब्द. टिटवी तेव्हा सहा वर्षांची पण नव्हती. चमच्यांच्या आवाजात ऐकू यायचं नाही, म्हणून पोरीनेच नियम काढला. आई बोलणार असली की चमचे खाली."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"मला कुठे माहीत होतं, आम्ही अजून ठेवतो ते?"

मी विचारलं, "आणि मी का ठेवते?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी घरी आले. वाटेत मनाशी म्हणत होते की माणूस घरातल्यांचं बघून शिकतं, बसणं-उठणं, खाकरणं, सगळं, याला शास्त्रीय आधार आहे. पण त्यांचे चमचे बघून थांबत असेल तर माझा सगळ्यात आधी कसा थांबतो? हे मी कुठल्या गाळणीतून गाळू?

रविवार, २३ फेब्रुवारी

मामांकडे जाऊन आले, एकटीच. चष्मेवाले म्हणाले, "मी आलो तर ती माझ्यासाठी हो म्हणेल. तू जा."

मामांचं घर खरंच भरलेलं आहे. जेवायला बसलो तर नुसता कल्ला. मामी वाढता वाढता बोलतात, मुलं तोंडात घास घेऊन भांडतात, मामा टेबलावर बोटांनी ताल धरतात. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. गाळणीबाईंच्या वर्गात हे मुद्रण वाजवलं असतं तर आदर्श कुटुंब म्हणून टाळ्या पडल्या असत्या. मी संशोधनाच्या आधारावर जे घर उभं करायला निघाले होते, ते हेच.

टिटवी कोपऱ्यावर बसून भराभर जेवत होती. मामी मला अभिमानाने म्हणाल्या, "बघा, कशी छान जेवते इथे!" मला माझीच तीन तारखेची नोंद आठवली.

मामा सांगत होते, "लहानपणी हिची आई न् मी, आम्ही एकदा छपरावर चढलो आणि शिडीच पडली..."

माझा चमचा थांबला. मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप खाली आला आणि मी वाट बघत राहिले. कसली, ते मला विचारू नका. कल्लोळ चालूच होता. मामांची मुलं हसत होती, मामी वाढत होत्या. समोर टिटवीचा चमचाही खाली होता. ती माझ्याकडे बघत होती, टक लावून. मी लग्न होऊन आल्यापासून वर्षभरात तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

पण काही झालं नाही. तिथे काहीच नव्हतं. नुसता आवाज होता.

हात धुताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. नळ सोडला, आणि नळाच्या आवाजाआडून म्हणाली, "इथे आई नाहीये."

"हं."

"इथे कोणी थांबतच नाही. ती कशी बोलणार?"

मी काय बोलावं? पुस्तकात बरंच आहे. मुलाला वास्तवाची जाणीव हळुवारपणे करून द्यावी, असं आहे. मी मुलांना वाढवायचा अभ्यास करते, मला माहीत आहे. मी म्हटलं, "घरी मी मधे बोलणार नाही. थांबेन."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

ती आत गेली आणि मामांना म्हणाली, "मी शनिवारी घरी येऊ का?" तिच्या लक्षात आलं नसेल, पण ती "जाऊ का" म्हणाली नाही. मामांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली, तरी जीव भांड्यात पडला.

रविवार, २ मार्च

टिटवी काल आली. आज दुपारचं जेवण. मुद्रण केलं नाही, फोन आतल्या खोलीत ठेवला.

मी सांगितलं, "काल बसमधे एका बाईंच्या पिशवीतून मांजर बाहेर आलं आणि थेट ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन बसलं."

आणि चमचा खाली ठेवला. तिघांचे चमचे खाली. फ्रिज घरघरत होता. रस्त्यावर कोणी तरी सायकलची घंटी वाजवली. मी श्वासही हळू घेत होते.

मग चष्मेवाल्यांच्या ओठाची कड वर गेली आणि टिटवी फिसकन हसली. दोघं एकाच क्षणी. माझ्या किश्शाला हसायची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि ते एकमेकांकडे बघतही नव्हते.

मला काही ऐकू आलं नव्हतं. एरवी मी विचारलं असतं, "का हसलात?" आज विचारलं, "काय म्हणाली?"

चष्मेवाल्यांनी ताटात डोळे खुपसले. टिटवीने मला आरपार बघून घेतलं. मोठं माणूस आपली थट्टा तर करत नाही ना, हे मुलं जशी बघतात तसं. मग म्हणाली, "म्हणाली, मांजराचं तिकीट काढलं होतं का विचार."

मला हसू आलं. अगदी मनापासून आलं. "नव्हतं काढलं. आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, हिलाही येईल ऐकू. हळूहळू."

मला भीती वाटली, हे लिहायला लाजत नाही. उठून दिवे लावावेत, खिडक्या उघडाव्यात असं वाटलं, भर उन्हात. आणि त्याच भीतीत फार बरंही वाटलं. या घरात मला पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून आपलं काहीतरी दिलं होतं. ते काय आहे, घ्यावं की नाही, याचा विचार नंतर करू म्हटलं, आणि चमचा उचलला.

संध्याकाळी टिटवीने स्वतः मामांना फोन करून सांगितलं, परीक्षेनंतरही ती इथेच राहणार. सुट्टीत येईन म्हणाली. मग मामांच्या मुलाशी किती वेळ भांडली, तावातावाने, घर डोक्यावर घेऊन. टिटवी नाव का पडलं ते आज कळलं.

शनिवार, ८ मार्च

गाळणीबाईंनी बोलावलं. "मेळ बसवल्याशिवाय प्रकल्प घेता येणार नाही. माणसं तीन की चार?"

मी म्हटलं, "बाई, मला दुसरं कुटुंब घेऊ द्या. हे राहू द्या."

त्यांनी माझी फाईल मिटली. मग नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाल्या, "घराचा अभ्यास करायचा तर थोडं बाहेर उभं राहावं लागतं. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तुम्ही बाहेर आहात का अजून?"

"होते," मी म्हटलं. "जानेवारीत होते."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "झोप लागते ना? जेवण नीट जातं ना?" मी म्हटलं, उत्तम. खरंच उत्तम आहे. त्यांना काळजी कसली वाटली ते कळलं नाही. जुळ्यांच्या आईने तिच्या शेजाऱ्यांचं घर मिळवून दिलं, पुढच्या आठवड्यात तिथे जाईन.

शनिवार, २२ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही, आणि तेच बरं आहे. परीक्षा संपली. टिटवीचं गणित यंदा बरं गेलंय म्हणे.

जेवायच्या खोलीला नवे पडदे करायचे होते. चष्मेवाल्यांना निळे हवे होते. मला कुठलेही चालले असते. टिटवीने खांदे उडवले आणि तुम्हीच ठरवा म्हणाली. दुपारी जेवताना विषय काढला. निळ्याने खोली अंधारी होईल आणि ताटातलं अन्नही मेल्यासारखं दिसेल, हे आमच्या तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ऐकल्यावर लगेच पटलं. पिवळे आणले. छान दिसतात.